आधी अंदाज, मग चकली!

शाळेला दिवाळीची सुट्टी तीन आठवडे आणि ऑफिसला दोन दिवस. हे गणित ज्या कुणी बसवलंय, त्याच्या घरी सहा वर्षांचं मूल नसणार यावर मी पैज लावायला तयार आहे. मग सुट्टी लागली की घराघरात शोध सुरू होतो, दिवसभर मोकळं कोण आहे? आमच्या खानदानात या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे. ‘तू काय बाई, घरीच असतेस!’ फ्रीलान्स जर्नलिस्ट म्हणजे मांडीवर लॅपटॉप घेऊन घरी बसलेली मुलगी. डेडलाइन वगैरे सगळं थोतांड.

तर दादा आणि वहिनी, दोघंही हिंजवडीवाले. सकाळी साडेआठला आई, बाबा आणि मी राहतो त्या कोथरूडच्या घरी एक पार्सल टाकून जायचे. पार्सलचं वय सहा, इयत्ता पहिली. घरात तिला सगळे बाईसाहेब म्हणतात. का, ते पाच मिनिटांत कळतं. बाईसाहेबांच्या सॅकमध्ये टॅब, चार्जर, शाळेने दिलेला ‘हॉलिडे होमवर्क’ आणि मॉलमधून आणलेला सायन्स किटचा चकचकीत खोका. ज्वालामुखी! आत प्लॅस्टिकचा डोंगर, पांढऱ्या पावडरीच्या दोन पुड्या आणि हातमोजे. एक पुडी खाण्याच्या सोड्याची, दुसरी सायट्रिक अॅसिडची. म्हणजे आपलं लिंबूसत्त्व. दोन्ही वस्तू आईच्या फडताळात वर्षानुवर्षं पडून आहेत, पण त्यांच्यावर ज्वालामुखीचं चित्र नाही, त्यामुळे त्यांना कुणी हजार रुपये देत नाही. डोंगर दोनदा फसफसला. चार मिनिटं. मग प्रश्न आला, ‘आत्या, आता काय?’

आता काय! शेजारच्या खोलीत फुल टू लॅबोरेटरी चालू होती. आईचा फराळ.

इथे आईबद्दल थोडं सांगायला हवं. आई त्रेसष्ट वर्षांची. तिच्या चकलीला आमच्या नात्यागोत्यात एक स्टेटस आहे, किंवा होता म्हणू. गेल्या दोन दिवाळ्या चकल्या बिघडत होत्या. चव तीच, रंग बरा, पण दुसऱ्या दिवशी वातड. चावायला जावं तर दाताशी भांडते. आईने भाजणी बदलून पाहिली, गिरणी बदलली, मोहन वाढवलं, तेलाचा ब्रँड बदलला. तरी तेच. मग कुणीतरी फोनवर ‘चव छान आहे गं, पण...’ असं म्हणालं आणि त्या ‘पण’ने घात केला. यंदा तिने जाहीर करून टाकलं, ‘हा शेवटचा फराळ. पुढच्या वर्षीपासून विकतचा आणा.’ बाबांनी पेपर खाली घेतला आणि परत वर केला. बाबांच्या बाबतीत हा भूकंपच.

पण ते नंतर. आधी बाईसाहेबांचं टेन्शन सोडवायचं होतं.

मुलांसाठीच्या ‘किचन सायन्स’च्या रील्स मी पाहिल्यात. तुम्हीही पाहिल्या असतील. त्यात एक हसरी आई दुधात रंगाचे थेंब टाकते, साबणाचं बोट लावते, रंग पळतात, मूल टाळ्या वाजवतं. मस्त! पण हा जादूचा खेळ झाला. विज्ञान त्याच्या आधीच्या दहा सेकंदांत असतं, काय होईल ते अजून माहीत नसतं तेव्हा. म्हणून मी तीन नियम केले. गॅसजवळ जायचं नाही. प्रयोगाआधी अंदाज सांगायचा आणि वहीत लिहायचा. आणि उत्तर लगेच मिळणार नाही.

तिसऱ्या नियमावर बंड झालं.

सुरुवात हळदीने केली. जाड पांढरा कागद, त्यावर पाण्यात कालवलेली हळद कापसाने फासायची आणि पंख्याखाली वाळू द्यायची. दुसऱ्या वाटीत पाणी आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा. कान साफ करायची काडी त्यात बुडवून पिवळ्या कागदावर चित्र काढायचं. मी विचारलं, ‘काय होईल?’

बाईसाहेबांनी कागदाकडे पाहिलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. ‘बरोबर उत्तर काय आहे?’

‘ते नाही सांगणार. तुझा अंदाज सांग.’

‘पण चुकला तर?’

‘तर चुकला.’

हे तिला अजिबात पटलं नाही. पहिलीतल्या मुलीला हे पटू नये, याचं मला जरा वाईटच वाटलं. बालवाडीत असताना हीच मुलगी चंद्र आपल्या रिक्षाच्या मागे का येतो, यावर चार थिअऱ्या मांडायची. एका वर्षात ती समोरच्याचा चेहरा वाचून उत्तर द्यायला शिकली होती. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाली, ‘हिरवं.’ का? ‘मला हिरवं आवडतं.’ लिहून टाकलं.

काडी फिरली आणि पिवळ्या कागदावर लालभडक कंदील उमटला. ती किंचाळली. आतून आईचा शांत आवाज आला, ‘त्यात काय? हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो. धुणं धुणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.’ आणि दोन मिनिटांनी, पोळपाटावरून डोकंही न उचलता, ‘आणि कुंकू कशाचं करायचे वाटलं? हळद आणि चुन्याचंच.’

बघा म्हणजे! मास कॉमची डिग्री माझ्याकडे आणि हेडलाइन आईकडे. हळदीतलं कुरक्युमिन आंबट पदार्थात पिवळं राहतं; सोडा, साबण, चुना अशा आम्लारी पदार्थात तांबडं होतं. वर लिंबू पिळलं की परत पिवळं. घरी करणार असाल तर एकच काळजी घ्या, चुना मुलांच्या हातात देऊ नका. डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते. सोड्याने काम भागतं. कुरक्युमिन उन्हातही टिकत नाही, म्हणून हळदीचा डाग दोरीवर वाळवला की फिका पडतो. अर्ध्या कागदावर पान ठेवून तो दिवसभर गॅलरीत उन्हात ठेवा आणि संध्याकाळी मुलांना पान उचलायला सांगा. आम्ही एकूण अकरा दिवाळी कार्डं केली. आठ नातेवाइकांना गेली, तीन वॉचमनकाकांना. का तीन, ते विचारू नका.

दुसरा दिवस पणतीचा. सुट्टीत मुलांना विज्ञान दाखवायचं ही आयडिया काही रील्सवाल्यांची नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीतली व्याख्यानं १८२५ मध्ये सुरू झाली आणि मायकेल फॅरेडेने तिथे १८४८ आणि १८६० मध्ये चक्क एका मेणबत्तीवर अख्खी मालिका केली. मेणबत्ती विझवल्याबरोबर वर जाणाऱ्या धुराच्या रेषेला काडी लावायची, ज्योत त्या रेषेवरून उडी मारून परत वातीवर! ही गंमत त्यातलीच. काडी मी धरली, बाईसाहेब दोन हात लांब. धुराला आग लागते कशी? कारण तो नुसता धूर नसतो, त्यात मेणाची वाफ असते आणि जळते ती वाफच. तिच्या वाट्याचा प्रयोग आजीने वळलेल्या वातींचा. कोरडी वात कुंकवाच्या पाण्यात टोकापुरती बुडवायची आणि रंग किती वर चढतो ते पट्टीने मोजायचं. कापसाच्या तंतूंमधल्या बारीक फटींतून पाणी वर चढतं, तसंच पणतीत तेल चढतं. अंदाज होता, ‘चढणारच नाही, पाणी खालीच जातं.’ लॉजिक सॉलिड होतं. चुकलं, पण लॉजिक सॉलिड.

पुण्यात राहून या विषयात अरविंद गुप्तांचं नाव न घेणं शक्य नाही. आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काडेपेटीच्या काड्या, स्ट्रॉ आणि सायकलची ट्यूब घेऊन त्यांनी मुलांसाठी शेकडो खेळणी बनवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा फंडा असा, की स्वस्त वस्तू असली की मूल ती मोडायला घाबरत नाही. मैद्याचा गोळा त्याहून स्वस्त! शंकरपाळ्यांच्या दिवशी मी आईकडून दोन लाडवांएवढा मैदा मागून घेतला. एक नुसत्या पाण्यात मळला, दुसऱ्याला तुपाचं मोहन घालून मळला. दोन्ही अर्धा तास झाकून ठेवले, मग बाईसाहेबांनी दोन्ही हातांनी ओढले. पहिला रबरासारखा लांबला, दुसरा कट्कन तुटला. मैद्यातली प्रथिनं पाण्यात भिजली की त्यांची जाळी होते, ती जाळी ताणली जाते. तूप मैद्याच्या कणांना आधीच वेढून बसतं आणि जाळी नीट होऊ देत नाही. म्हणून शंकरपाळं खुसखुशीत. आई म्हणाली, ‘आम्ही मूठ वळते का बघतो.’ मोहन घातलेलं पीठ मुठीत दाबलं की मूठ वळली पाहिजे, एवढंच तिचं माप. मग बाईसाहेबांनी डब्यातलं सगळं पीठ मुठीत वळून पाहिलं. फरशी पुसायला मला वीस मिनिटं लागली.

चिवड्याचा प्रयोग सगळ्यात सोपा. भाजलेले पोहे, निम्मे घट्ट डब्यात, निम्मे ओल्या फडक्याशेजारी उघड्या वाटीत. सकाळी चावून बघायचं कुठले सादळले. ‘सादळणे’ हा शब्द तिला इतका आवडला की दोन दिवस ती सोफ्यावर सादळून पडली होती.

आणि मग चकलीचा दिवस.

उकळतं तेल आणि सहा वर्षांचं मूल एका खोलीत नको, यावर मी आणि आई एकमत. पण चकलीच्या दिवशी तिला बाहेर बसवणं म्हणजे वर्ल्ड कप फायनलला टीव्ही बंद करणं. मग मला एक आयडिया सुचली. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर स्टूल ठेवलं, उंबऱ्यावर लाल टेप चिकटवली. लक्ष्मणरेषा. तिथून कढईच्या आत काही दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. तळणीचं तेल साधारण १८० अंशांपर्यंत तापलेलं असतं, पाणी १०० अंशांलाच वाफ होतं. ओली चकली तेलात पडली की तिच्यातलं पाणी वाफ होऊन सुटतं, तेच ते बुडबुडे आणि तोच तो चर्र आवाज. पाणी संपत आलं की आवाज विरत जातो. खेळ असा, की डोळे मिटायचे आणि तेल गप्प झालं की हात वर करायचा.

आईला हे सांगितलं तर ती हसली. ‘मी तीस वर्षं तेच करते. एका हाताने सोऱ्या फिरवायचा, पुढच्या चकल्या पाडायच्या, कान कढईकडे. बघायला वेळ कुणाला आहे?’

पहिला घाणा पडला. चर्रर्र. बाईसाहेब डोळे मिटून बसलेल्या, भुवया ताणलेल्या. थोड्या वेळाने आईने झारा उचलला.

‘नाही आजी! अजून बोलतंय तेल!’

‘झालंय गं.’ आईने घाणा काढला.

दुसरा घाणा. परत तेच. तिसऱ्याला मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. आजीचं तेल गप्प होत होतं आणि नातीचं तेल त्यानंतरही जवळजवळ मिनिटभर बोलत होतं. पंचावन्न सेकंद, साठ, बावन्न. मी पण डोळे मिटून ऐकलं. माझा हात बाईसाहेबांच्या हाताबरोबर वर जात होता.

पहिला संशय चिमणीवर. ओट्यावरची ती इलेक्ट्रिक चिमणी दोन वर्षांपूर्वी बसवली आणि चकल्या बिघडायला लागल्या त्याही दोन वर्षांपूर्वीच. काय जबरदस्त क्लू! चिमणी बंद केली. घरभर तळणीचा वास, बाबा खोकत गॅलरीत. पुढचा घाणा. फरक थोडा कमी झाला, पण चाळीस सेकंद तरी उरलाच.

बाईसाहेबांनी दोन ताटं मागितली. एकात आजीच्या हाताच्या, एकात स्वतःच्या हाताच्या. म्हणजे ती हात वर करेपर्यंत आईने झारा घालायचा नाही. नातीने आजीला इतक्या ठामपणे ‘थांब’ म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आई थांबली. चकल्या गार करून वेगवेगळ्या डब्यांत भरल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जज म्हणून बाबांना बोलावलं. कुठला डबा कुणाचा ते सांगायचं नाही. पहिल्या डब्यातली चकली त्यांनी दाताखाली धरली, ओढली, चहात बुडवायचा विचार केला. दुसऱ्या डब्यातली कट्! त्यांनी लागोपाठ पाच खाल्ल्या आणि विचारलं, ‘ही कुणाची गं?’

कुणी बोललं नाही. आई ओट्यापाशी उभी राहून हात पुसत होती. मग म्हणाली, ‘मला तो आवाज येतच नाही. मला वाटलं, हल्लीच्या तेलालाच आवाज कमी.’

एवढंच. मला आठवलं, टीव्ही किती मोठ्याने लागतो आमच्याकडे. ‘तुझ्या बाबांना ऐकू येत नाही ना,’ असं आई म्हणायची. बाबांचं म्हणणं उलट होतं, पण त्यांचं कोण ऐकतं! ऑटोवाल्याने ‘साठ’ म्हटलं की आई आठ रुपये काढायची आणि ‘लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात’ म्हणून वैतागायची. हल्ली फोन घ्यायची टाळाटाळ करायची, भिशीला जायची बंद झाली होती. गुडघे, म्हणायची.

पाडव्यानंतर कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. आई बाहेर येऊन म्हणाली, ‘हा तर चकलीचाच खेळ.’ कागदावर तिचा आलेख आला, डावीकडे बरा आणि उजवीकडे घसरगुंडी. वय वाढलं की बहुतेक वेळा वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, डॉक्टरीणबाईंनी समजावलं. माणसाचं बोलणं ऐकू येतं, पण त्यातले स, श, फ निसटतात. म्हणून ‘साठ’चे ‘आठ’ होतात. आणि कढईचा शेवटचा बारीक चर्र? त्या म्हणाल्या, तोही तिथलाच असू शकतो. मशीनचा खर्च ऐकून आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विमान मागितलंय. ‘माझं काय अडतंय?’ हे तिने रिक्षात तीनदा म्हटलं. बाईसाहेब दोघींच्या मध्ये बसल्या होत्या. ‘आजी, चकली अडते,’ त्या म्हणाल्या.

ट्रायलसाठी मशीन मिळालं. पहिले दोन दिवस वाईट गेले. ‘आपला फ्रीज एवढा ओरडतो?’ ‘भांडी किती आपटतेस!’ ‘हा कागद कोण चुरगळतंय?’ बाबा पेपर वाचत होते. दोनदा तिने मशीन काढून डबीत ठेवलं आणि दोनदा ते बाईसाहेबांनी परत आणून दिलं, कारण त्यांच्या वहीत ‘आजीला नवीन ऐकू आलेले आवाज’ अशी यादी चालू होती आणि ती तेराव्या नंबरवर अडली होती. चौदावा नंबर पंख्याचा.

तुळशीच्या लग्नाला आईने, कुणी न सांगता, परत भाजणी दळून आणली. लक्ष्मणरेषा होतीच. या वेळी अंदाज तिघींनी लिहिले. एक घाणा मशीन लावून, एक मशीन काढून. मशीन काढून फरक आला अठ्ठेचाळीस सेकंद. मशीन लावून सहा. आईचा अंदाज होता दहा, बाईसाहेबांचा शून्य, माझा वीस. तिसऱ्या घाण्याला बाईसाहेबांनी फर्मान काढलं, की आता आजोबांची टेस्ट. बाबांना स्टुलावर बसवलं, डोळे मिटायला लावले. तेल बोललं, कुजबुजलं, गप्प झालं, तरी बाबांचा हात वर होईना. आईने आपल्या कानाने घाणा वेळेवर काढला, ताट टेबलावर ठेवलं. बाईसाहेब पंजावर चालत बाबांच्या तोंडाजवळ गेल्या, वाकून ऐकलं आणि वहीत लिहिलं, ‘आजोबा झोपले.’